गोठवलेले बीज आणि गोठवलेले खाद्य : सागरी सूक्ष्मशैवालांच्या दीर्घकालीन साठवणीचा आढावा

समुद्राच्या पाण्यात तरंगणारी एकपेशीय शैवाले हे कालवे, शिंपले, कोळंबी आणि अनेक सागरी मासे यांच्या पिल्लांचे, थेट किंवा रोटिफरसारख्या सूक्ष्म प्राण्यांमार्फत मिळणारे, पहिले अन्न असते. त्यामुळे बीजोत्पादन केंद्रात, म्हणजे व्यवहारात ज्याला सर्रास हॅचरी म्हटले जाते तेथे, जागा, वीज आणि मनुष्यबळ यांचा मोठा वाटा ही शैवाले वाढवण्यातच खर्ची पडतो. कूटो आणि सॉर्गेलोस यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत शिंपलावर्गीय प्राण्यांच्या बीजाच्या उत्पादनखर्चापैकी सरासरी सुमारे ३० टक्के खर्च शैवालांवर होत असल्याचे दिसून आले होते. हा खर्च नुसता मोठा नाही, तो बेभरवशाचाही आहे, कारण डिंभ, म्हणजे ही पिल्ले, अंड्यातून बाहेर पडण्याचा दिवस आणि शैवालाची टाकी ऐन भरात येण्याचा दिवस जुळवावा लागतो, आणि तो चुकला तर एका बाजूला उपासमार आणि दुसऱ्या बाजूला नासाडी होते. शैवाल साठवून ठेवता येईल का, या प्रश्नामागे ही निकड आहे.

हा प्रश्न वरवर एक दिसत असला तरी त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. पहिला प्रश्न वाणाचा आहे : विशिष्ट गुणांचे शैवाल वर्षानुवर्षे जिवंत आणि शक्यतो न बदलता कसे राखावे? दुसरा खाद्याचा आहे : आज वाढवलेले शैवाल आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डिंभांना घालता येईल असे कसे ठेवावे? पहिल्यात काही मोजक्या पेशी जगल्या तरी काम भागते, मात्र त्या जगल्याच पाहिजेत. दुसऱ्यात पेशी जिवंत असण्याची गरज नसते, परंतु जवळजवळ प्रत्येक पेशी अखंड आणि पोषक राहिली पाहिजे. या विषयावरील बरेच लेखन ही दोन मोजमापे एकमेकांत मिसळते, आणि त्यामुळे एका कामासाठी उत्तम ठरलेली पद्धत दुसऱ्या कामासाठी सुचवली जाते आणि मग ती अपयशी ठरल्याची नोंद होते.

मत्स्यसंवर्धनात वापरात असलेल्या शैवालांची वंशावळ पाहिली म्हणजे वाणाचे महत्त्व ध्यानात येते. फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्न्यूटम या करंडक वनस्पतीचा, म्हणजेच डायाटमचा, एक प्रसिद्ध वाण अॅलन आणि नेल्सन यांनी इंग्लंडमधील प्लिमथ येथे १९१० च्या सुमारास वेगळा केला. आयसोक्रायसिस गॅल्बाना हे कालवांच्या डिंभांचे आवडते शैवाल मेरी पार्क यांनी १९३८ मध्ये आयल ऑफ मॅनवरील पोर्ट एरिन येथील मत्स्यतळ्यातून मिळवले आणि १९४९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. ताहिती बेटावरून आलेला आणि उष्ण पाण्यात चांगला वाढणारा ‘टी-आयसो’ हा वाण दीर्घकाळ याच जातीचा मानला गेला, परंतु २०१३ मध्ये त्याला टिसोक्रायसिस ल्युटिया असे स्वतंत्र नाव मिळाले. जगभरच्या हॅचऱ्यांत वाढणारे पुष्कळसे शैवाल अशा थोड्याच पूर्वजांचे वंशज आहे. पूर्वीच्या साहित्यातील प्रयोग नेमक्या कोणत्या वाणावर झाले हे आज तपासायचे, तर तो वाण कुठेतरी मूळ स्वरूपात शिल्लक असावा लागतो.

वाण राखण्याची रूढ रीत म्हणजे ठरावीक काळाने थोडे संवर्धद्रव्य ताज्या पोषणमाध्यमात घालत राहणे. गिलार्ड आणि रायथर यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या माध्यमातून सिद्ध झालेले ‘एफ/२’ किंवा भारतात विशेष प्रचलित असलेले वॉल्ने यांचे कॉन्वे माध्यम वापरून, मंद प्रकाशात आणि १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात ही फेररोपणे दोन-चार आठवड्यांनी, आणि आगरच्या तिरप्या थरावर वाढवल्यास काही महिन्यांनी, करावी लागतात. रीत सोपी आणि स्वस्त आहे, पण तिचे तोटे काळ जातो तसे साचत जातात. एखाद्या नळीवर चुकीची चिठ्ठी लागते, एका शैवालात दुसरे मिसळते, सूक्ष्म आदिजीव शिरून संवर्ध फस्त करतात, वातानुकूलित खोलीची वीज एका रात्रीपुरती जाते. याहून सूक्ष्म तोटा असा, की शेकडो पिढ्या काचपात्रात काढलेल्या शैवालावर काचपात्राचीच निवड लादली जाते. जी पेशी कृत्रिम माध्यमात वेगाने वाढते तिचे वंशज टिकतात, आणि तीच पेशी डिंभाला आवश्यक वसाम्ले अधिक बनवते असे मानण्यास काहीच आधार नसतो.

करंडक वनस्पतींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती या प्रश्नाच्या गाभ्याशी जाऊन भिडते. या पेशीचे सिलिकामय कवच डबी आणि झाकण यांसारखे दोन भागांचे असते. पेशीचे विभाजन झाले की प्रत्येक कन्यापेशी जुना अर्धा भाग झाकण म्हणून घेते आणि आत नवी डबी बनवते, त्यामुळे दोहोंपैकी एक पेशी मातृपेशीपेक्षा किंचित लहान होते, आणि पिढ्यांमागून पिढ्या सरासरी आकार घटत जातो. मॅकडॉनल्ड आणि फिट्झर यांनी १८६९ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेला हा नियम सर्व जातींना लागू पडत नाही. फिओडॅक्टिलमसारखी काही शैवाले त्याला अपवाद आहेत. परंतु जेथे तो लागू पडतो तेथे लैंगिक पुनरुत्पादनातून मोठी पेशी पुन्हा निर्माण झाली नाही, तर वाण आकाराने खुरटत जाऊन अखेर नष्ट होतो. अशा वाणासाठी फेररोपण हे संरक्षण नसून सावकाश होणारा ऱ्हासच असतो, आणि तो थांबवायचा तर पेशीविभाजनच थांबवावे लागते.

पेशीविभाजन खऱ्या अर्थाने थांबते ते अतिशीत तापमानात. सुमारे उणे १३५ अंशांच्या खाली पाण्याच्या रेणूंची हालचाल इतकी मंदावते की बर्फाच्या कणांचे पुनःस्फटिकीकरण आणि रासायनिक विक्रिया व्यवहारतः बंद पडतात. उणे १९६ अंशांचे द्रवरूप नत्र किंवा त्यावरील थंड बाष्प यांत ठेवलेली पेशी म्हणूनच, निदान तत्त्वतः, दशकानुदशके तशीच राहते. जॉन डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तपासलेल्या, वीस वर्षांहून अधिक काळ अशा रीतीने ठेवलेल्या शैवालांच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नव्हती. याचा अर्थ असा की साठवणीचा काळ धोक्याचा नसतो, धोका असतो तो तेथवर जाण्याच्या आणि तेथून परतण्याच्या वाटेवर.

ही वाट का बिकट आहे, याचा उलगडा पीटर मेझर यांच्या संशोधनातून झाला. मेझर, लायबो आणि चू यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या द्विघटक उपपत्तीनुसार पेशी दोन निरनिराळ्या कारणांनी मरते. थंड करण्याचा वेग कमी असेल तर बर्फ प्रथम पेशीच्या बाहेर बनतो, उरलेल्या द्रवातील क्षार घट्ट होत जातात, तर्षणाने, म्हणजे पटलातून कमी क्षारतेकडून अधिक क्षारतेकडे वाहणाऱ्या पाण्याच्या ओढीने, पेशी आटत जाते आणि या दीर्घ निर्जलीभवनानेच तिचा नाश होतो. वेग जास्त असेल तर पाण्याला बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही, बर्फ पेशीच्या आतच बनतो आणि त्याचे स्फटिक पटले फाडतात. दोन्हींच्या मधला वेग पेशीपरत्वे बदलतो, कारण पेशीचा आकार, तिचे पटल किती पारगम्य आहे आणि तिच्यात रिक्तिका किती मोठ्या आहेत यांवर तो अवलंबून असतो. सागरी शैवालांचे माध्यम मुळातच खारट असल्यामुळे पहिले संकट त्यांच्यापुढे लवकर उभे राहते.

यावर उपाय म्हणून वापरली जाणारी द्रव्ये शीतरक्षक या नावाने ओळखली जातात. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी १९४९ मध्ये कोंबड्याचे शुक्रजंतू ग्लिसरॉलच्या साहाय्याने गोठवून जिवंत परत मिळवले आणि लव्हलॉक व बिशप यांनी १९५९ मध्ये डायमिथिल सल्फॉक्साइडचा उपयोग दाखवून दिला. शैवालांच्या बाबतीत ग्लिसरॉल बऱ्याचदा पेशीत फार सावकाश शिरते, म्हणून ५ ते १० टक्के डायमिथिल सल्फॉक्साइड किंवा मिथेनॉल यांना पसंती दिली जाते. (ड्युनालिएला हे मिठागरांतील शैवाल मात्र क्षारतेशी जुळवून घेण्यासाठी स्वतःच पेशीत ग्लिसरॉल साठवते.) हे रेणू पेशीत शिरून बर्फाचे प्रमाण घटवतात आणि क्षारांची संहती मर्यादेत ठेवतात, पण ते स्वतः विषारीही असतात, त्यामुळे संहती, तापमान आणि संपर्काचा कालावधी यांचा मेळ प्रत्येक जातीसाठी नव्याने बसवावा लागतो.

रूढ झालेली द्विपायरी पद्धत अशी : वाढीच्या जोमदार अवस्थेतील, परंतु फार दाट नसलेले संवर्धद्रव्य शीतरक्षकासह छोट्या कुपीत भरून मिनिटाला सुमारे १ अंश या वेगाने उणे ४० अंशांपर्यंत नेले जाते, तेथे थोडा वेळ थांबून पेशीबाहेरचा बर्फ पुरेसा बनू दिला जातो आणि मग कुपी थेट द्रवरूप नत्रात बुडवली जाते. परत आणताना घाई हवी. सुमारे ४० अंशांच्या पाण्यात कुपी झटपट वितळवली नाही, तर मधल्या तापमानात बारीक स्फटिक एकत्र येऊन मोठे होतात आणि वाचलेल्या पेशीही मरतात. वितळल्यानंतरचा पहिला दिवस पेशी अंधारात ठेवण्याची शिफारस जवळजवळ सर्वत्र आढळते, आणि तिचे कारण शैवालांच्या स्वभावातच आहे. गोठण्याने हरितलवकातील प्रकाशसंश्लेषणाची साखळी विस्कळीत झालेली असते. अशा पेशीवर प्रकाश पडला की शोषलेली ऊर्जा वापरली न जाता ऑक्सिजनच्या विनाशक रूपांची निर्मिती करते. शुक्रजंतू किंवा यीस्ट गोठवणाऱ्याला ही चिंता कधी करावी लागली नव्हती, आणि प्राणिपेशींवरून घेतलेल्या कृती सुरुवातीच्या काळात शैवालांना जशाच्या तशा मानवल्या नाहीत, यात त्यामुळे नवल नाही.

बेन-अमोट्झ आणि गिल्बोआ यांनी १९८० मध्ये सागरी एकपेशीय शैवालांवर, आणि कान्याव्हाते व लुबियान यांनी १९९० च्या दशकात स्पेनमध्ये खास मत्स्यसंवर्धनातील जातींवर केलेल्या कामातून, आणि पुढे न्यूझीलंड, ब्रिटन व इतरत्र झालेल्या प्रयत्नांतून जातीजातींतील फरक स्पष्ट होत गेला. नॅनोक्लोरोप्सिस हे २ ते ४ मायक्रॉनचे, जाड भित्तीचे शैवाल सर्वांत सोशीक ठरले, आणि टेट्रासेल्मिस व काही किटोसेरॉस यांच्या बाबतीतही यश मिळते. आयसोक्रायसिस आणि पाव्हलोव्हा या पक्क्या भित्तीविना जगणाऱ्या, कशाभिकांनी पोहणाऱ्या पेशी अधिक नाजूक असतात, आणि ऱ्होडोमोनाससारखी क्रिप्टोफायटे अजूनही कठीण मानली जातात. लहान, गोल, रिक्तिका नसलेली आणि भित्ती असलेली पेशी जगते हा ठोकताळा उपयोगी आहे, पण दुर्दैव असे की कालवांच्या डिंभांना ज्यांची सर्वाधिक गरज असते ती डीएचए या वसाम्लाने समृद्ध शैवाले नेमकी या ठोकताळ्याच्या चुकीच्या बाजूला पडतात.

जगण्याची टक्केवारी हा या साहित्यातील सर्वांत जास्त मिरवलेला आकडा असला, तरी तो कसा काढला हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही. पेशीत शिरून चमकणारी रंगद्रव्ये वितळल्यानंतर लगेच वापरली तर पटल शाबूत असलेल्या सगळ्याच पेशी जिवंत दिसतात, पण त्यांतील कित्येक पुढील एक-दोन दिवसांत मरतात. पुन्हा विभाजित होऊन वाढणे हीच खरी कसोटी आहे. शिवाय वाणसंग्रहाच्या दृष्टीने कमी टक्केवारी अपयश ठरत नाही : कुपीत १० लाख पेशी असतील आणि १ टक्काच जगली तरी १० हजार पेशी उरतात, आणि दिवसाला एकदा दुप्पट झाल्या तर आठवड्याभरात मूळ संख्या भरून निघते. त्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. ९९ टक्के पेशी मेल्या असतील तर उरलेल्या योगायोगाने वाचल्या की त्या मुळातच वेगळ्या होत्या, हा तो आक्षेप, आणि तसे असेल तर ज्या बदलाला आळा घालण्यासाठी वाण गोठवला तोच बदल एका फटक्यात घडून येतो. वितळवलेल्या वाणाची वसाम्ले आणि वाढीचा वेग मूळ वाणाशी ताडून पाहणारे काम टक्केवारी नोंदवणाऱ्या कामापेक्षा कितीतरी कमी आहे.

दुर्लक्षित राहिलेली दुसरी बाब जिवाणूंची. हॅचरीतील शैवाल जवळजवळ कधीच निर्जंतुक नसते, आणि ते तसे असावे असेही नाही, कारण अनेक शैवालांना लागणारे ब-१२ जीवनसत्त्व जिवाणूंकडून मिळू शकते, हे क्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले आहे. गोठवताना हा सोबतीही गोठतो. वितळल्यानंतर मात्र मेलेल्या पेशींतून झिरपलेली सेंद्रिय द्रव्ये आणि शीतरक्षक यांवर जिवाणू शैवालाच्या आधी माजतात, आणि नुकत्याच सावरत असलेल्या मूठभर शैवालपेशी त्यांच्याखाली दबून जातात.

खाद्य म्हणून शैवाल साठवायचे तर सगळा हिशेब बदलतो. टाकीतील पाण्यातून सेंट्रिफ्यूज यंत्राने किंवा किलाटनाने, म्हणजे पेशींचे पुंजके करून खाली बसवण्याच्या रीतीने, पेशी वेगळ्या काढून त्यांचा दाट लगदा केला जातो आणि तो ४ अंशांवर अंधारात ठेवला जातो. नॅनोक्लोरोप्सिस आणि टेट्रासेल्मिस यांचा लगदा अशा स्थितीत काही आठवडे चांगला राहतो, किटोसेरॉसचे लांब केसासारखे काटे मात्र यंत्रातच मोडतात आणि आयसोक्रायसिसची पेशी फुटून तिच्यातील द्रव्ये पाण्यात जातात. लगदा गोठवून ठेवणे हा पुढचा विचार साहजिक आहे, आणि नॅनोक्लोरोप्सिसच्या बाबतीत तो व्यापारी पातळीवर यशस्वीही झाला आहे, कारण त्याची चिवट भित्ती पेशी मेल्यानंतरही आतला ऐवज धरून ठेवते आणि रोटिफर मेलेली पेशीही विनातक्रार खातात.

परंतु साध्या शीतकपाटातील गोठण आणि द्रवरूप नत्रातील गोठण यांत केवळ अंशांचा फरक नाही. समुद्राचे पाणी उणे १.९ अंशांच्या आसपास गोठू लागते, पण मीठ आणि पाणी यांचे मिश्रण पूर्ण घन होण्यास उणे २१ अंशांच्याही खाली जावे लागते. त्यामुळे उणे १८ किंवा उणे २० अंशांच्या कपाटातील खारट लगद्यात बर्फाच्या स्फटिकांमध्ये अतिक्षारीय द्रवाचे बारीक कप्पे शिल्लक राहतात. फुटलेल्या पेशींतील लायपेझ विकरे अशा स्थितीतही मेद तोडून वसाम्ले सुटी करत राहतात, आणि ही सुटी, बहुअसंतृप्त वसाम्ले ऑक्सिडीकरणाला सहज बळी पडतात. डिंभांसाठी मोलाची असलेली ईपीए आणि डीएचए ही वसाम्ले नेमकी याच गटातली आहेत. करंडक वनस्पतींमध्ये पेशी फुटताच ही विकरे विशेष जोमाने कामाला लागतात. उणे ८० अंशांवर हा ऱ्हास पुष्कळ मंदावतो, पण तेवढी क्षमता असलेली यंत्रे प्रयोगशाळांतच परवडतात. वरवर ताजा दिसणारा, हिरवा राहिलेला लगदा पोषणाच्या दृष्टीने ओसरलेला असू शकतो, आणि रंगावरून त्याची पारख करणे फसवे आहे.

मेलेल्या पेशी तळाशी बसतात, कुजतात आणि डिंभांच्या टाकीत अमोनिया व जिवाणू वाढवतात. म्हणून गोठवलेले किंवा वाळवलेले शैवाल पूर्णपणे जिवंत शैवालाची जागा घेत नाही, काही भाग भरून काढते, असाच निष्कर्ष शिंपल्यांच्या डिंभांवरील प्रयोगांतून पुन्हा पुन्हा निघत आला आहे. शीतरक्षकाचा प्रश्नही येथे वेगळ्या रूपात उभा राहतो. वाणाची कुपी वितळवून ती चंचुपात्रातून कार्बॉयमध्ये आणि तेथून हजार लिटरच्या टाकीत वाढवली जाते तेव्हा शीतरक्षक इतके विरळ होते की त्याचा विचारच करावा लागत नाही. तोच शीतरक्षक मिसळलेला लगदा थेट खाद्य म्हणून घातला तर त्याची विषारिता डिंभांच्या अन्नसाखळीत शिरते. ग्रीसमधील संशोधकांनी २००४ मध्ये नेमका हाच मुद्दा तपासायला घेतला होता.

दोन्ही टोकांच्या मधला एक मार्ग तैवानमध्ये पुढे आला. सागरी शैवालांपासूनच मिळणाऱ्या अल्जिनेटच्या मण्यांत आयसोक्रायसिसच्या पेशी कोंडून, ४ अंशांवर आणि अंधारात, गोठवल्याविना त्या वर्षाहून अधिक काळ टिकवता येतात आणि मेरेट्रिक्स या शिंपल्यांच्या संवर्धनात वापरता येतात, असे तेथील काम सांगते. या प्रजातीचे शिंपले कोकणच्या खाड्यांतही असल्याने या कामाकडे इकडे अधिक लक्ष जायला हवे होते. द्रवरूप नत्र न लागणारी आणि तरीही पेशी जिवंत ठेवणारी ही रीत मोठ्या प्रमाणावर उतरवणे खर्चिक ठरेल, पण लहान हॅचरीच्या राखीव साठ्यासाठी ती पुरेशी आहे.

भारतात हा प्रश्न मुख्यतः कोळंबीमुळे निकडीचा झाला. २००९ मध्ये व्हॅनामी कोळंबीच्या संवर्धनास परवानगी मिळाल्यावर आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हॅचऱ्या झपाट्याने वाढल्या, आणि कोळंबीचा डिंभ झोइया अवस्थेत प्रवेश करताच त्याला लागणारे किटोसेरॉस किंवा थॅलॅसिओसिरा अहोरात्र वाढवणे आले. कोची येथील केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था आणि चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्था या शैवालांचे वाण राखतात. कोकणात अडचण निराळी आहे : पावसाळ्यात खाड्यांची क्षारता कोसळते, चांगले समुद्रजल मिळणे दुरापास्त होते, हॅचरीचे काम महिनोन्महिने थंडावते आणि तरीही त्या काळात वाण जिवंत ठेवण्याचा खर्च चालूच राहतो. गोठवलेल्या वाणाची खरी उपयुक्तता अशा हंगामी केंद्रालाच सर्वाधिक आहे.

द्रवरूप नत्र खेड्यांपर्यंत पोचणार नाही, हा नेहमीचा आक्षेप महाराष्ट्रात टिकत नाही. पशुसंवर्धन खाते आणि उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये स्थापन झालेली बाएफ यांसारख्या संस्था गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठित रेतमात्रा द्रवनत्राच्या पात्रांतून तालुक्या-तालुक्यांत, गोठ्यापर्यंत नेत आल्या आहेत. पात्रे वेळेवर भरण्याची शिस्त, वाहतूक आणि प्रशिक्षित माणसे हे सर्व त्या व्यवस्थेत आहे. मत्स्यव्यवसाय आणि पशुसंवर्धन ही खाती कागदावर इतकी जवळ असताना या सोयीचा उपयोग शैवालांसाठी करण्याचा विचार का होऊ नये, हे समजणे अवघड आहे. शैवालाची एक कुपी रेतमात्रेच्या नळीपेक्षा फार जागा अडवत नाही.

अर्थात गोठवलेल्या वाणांची अशी पेढी उभी राहिली तरी ती तातडीची सोय ठरणार नाही, कारण वितळलेला वाण नळीतून टाकीपर्यंत पोचायला काही आठवडे लागतात आणि नाजूक जातींच्या बाबतीत पहिली वाढ दिसायलाच बराच काळ जातो. म्हणून प्रत्येक वाणाच्या कुप्या दोन वेगळ्या ठिकाणी असाव्या लागतात, काही कुप्या ठरावीक मुदतीने वितळवून वाढ आणि वसाम्ले तपासावी लागतात, आणि हंगाम जवळ येण्यापूर्वी महिनाभर आधीच पेढीकडे मागणी नोंदवावी लागते. आयसोक्रायसिस आणि पाव्हलोव्हा यांची गोठवण्याची कृती स्थानिक वाणांवर पक्की सिद्ध होईपर्यंत हॅचऱ्यांनी आगरच्या तिरप्या नळ्यांवरील फेररोपण थांबवू नये.